कुंजाली मरक्कार : मलबारचा दर्यासारंग

सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव मुंबईच्या नाविक ठाण्यास १९५१ साली देण्यात आले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. त्याच मुंबईत, कुलाब्यास, भारतीय नौदलाचे ‘कुंजाली’ नावाचे दुसरे एक ठाणे आहे. त्या नावामागचा पुरुष मात्र मराठी घरांतून फारसा परिचित नाही. नौदलाचा परिपाठ असा की, किनाऱ्यावरील ठाण्यासही जहाजच मानावयाचे आणि त्याच्या नावाआधी जहाजाचेच बिरूद लावावयाचे. तेव्हा हे एक न तरंगणारे जहाजच म्हणावयाचे. ते ज्या घराण्याच्या नावे आहे ते मलबारातील मुसलमान दर्यावर्दींचे, आणि त्याचा शेवटचा पुरुष गोव्यात वधस्तंभाखाली मेला.

कुंजाली हे व्यक्तीचे नाव नव्हे; ती कालिकतच्या सामुरी राजाने आपल्या आरमारप्रमुखास दिलेली पदवी होय. सामुरी, म्हणजे पाश्चात्त्यांचा झामोरिन, हिंदू राजा. मरक्कार हे मूळचे व्यापारी. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि थोड्याच वर्षांत पोर्तुगीजांनी असा दंडक घातला की, त्यांचा परवाना घेतल्यावाचून कोणी समुद्रात गलबत घालू नये. (हाच परवान्याचा डाव पुढे कान्होजींनी फिरंग्यांवरच उलटविला, हे वाचकांना विदित आहेच.) मिऱ्याच्या व्यापारावर जगणाऱ्या मरक्कारांचे पोटच त्याने कापले गेले. त्यांनी आपली गलबते व माणसे सामुरीच्या चरणी वाहिली. फिरंग्यांची जहाजे अवजड आणि तोफांनी भरलेली; मरक्कारांच्या होड्या लहान, वल्ह्यांच्या, उथळ खाडीतून झटकन बाहेर पडणाऱ्या आणि तितक्याच झटकन आत शिरणाऱ्या. जवळजवळ शंभर वर्षे हा झगडा चालला.

पहिल्या दोघा कुंजालींविषयी येथे विस्तार करीत नाही. तिसरा, पट्टु मरक्कार, याच्या काळात १५७१ मध्ये सामुरीने चालियमचा पोर्तुगीज किल्ला पाडला. त्याच पट्टु मरक्काराने सामुरीच्या अनुज्ञेने पुदुपट्टणम येथे, नदीच्या मुखाशी, स्वतःचा किल्ला बांधला. लोक त्यास मरक्कार कोट म्हणू लागले. हा कोट घराण्याचे वैभव ठरला आणि घराण्याचा काळही.

१५९५ मध्ये त्याचा भाचा महंमद चौथा कुंजाली झाला. शूर, करडा, अभिमानी असा हा पुरुष. त्याने कोट अधिक बळकट केला आणि आरमार वाढविले. येथून धनी व सेवक यांच्यात वितुष्ट आले. पोर्तुगीज बखरकार सांगतात की, त्याने राजचिन्हे व मोठमोठ्या पदव्या धारण केल्या, एवढेच नव्हे तर सामुरीच्या हत्तीचे शेपूटही छाटले. ही शत्रूच्या लेखणीची साक्ष. ती जपूनच घ्यावी. तरीही सारे कुभांडच होते, असे म्हणता येत नाही. ज्याच्या हाती किल्ला व आरमार दोन्ही आले, त्या सेवकाचे भय धन्यास वाटणारच. आणि हे भय घालविण्यासाठी कुंजालीने काही केल्याचे दिसत नाही. गोव्याच्या फिरंग्यांना तर एवढी फट पुरेशी होती. शंभर वर्षांचा वैरी सामुरीचा मित्र झाला.

१५९९ साली लुईस द गामा कोटावर चालून आला. हा वास्कोचाच वंशज. त्याच्या पदरी अपयशच आले, माणसेही बरीच पडली. पुढल्या वर्षी आंद्रे फुर्तादु द मेंदोंसा समुद्राकडून आणि सामुरीचे सैन्य जमिनीकडून असा दुहेरी वेढा पडला. अन्न संपले. जीवदानाचे वचन मिळाल्यावर मार्च १६०० मध्ये कुंजाली बाहेर आला. त्याने आपली तलवार फिरंग्यांच्या नव्हे, आपल्या राजाच्या हाती दिली. इतके वैर होऊनही शरण जावयाचे ते धन्यासच, एवढे त्याने राखले. त्याच क्षणी पोर्तुगीजांनी त्यास पकडून नेले. सामुरीच्या नायर सैनिकांत खळबळ उडाली, पण राजाने हात उचलला नाही. माझ्या मते या साऱ्या कथेतील काळिमा येथे आहे. गोव्यात पुढे घडले ते शत्रूने केले, हे मात्र आपल्यांनी होऊ दिले.

गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला. देहाचे तुकडे पणजी व बारदेशच्या किनाऱ्यावर टांगण्यात आले आणि शिर मिठात घालून कण्णूरला पाठविले गेले, असे वृत्तान्त आहेत. मरक्कार कोट जमीनदोस्त झाला. सामुरीचे राज्य त्यानंतर टिकले खरे, पण आपल्या या म्हैसूरच्या हैदरअलीने १७६६ मध्ये मलबारावर स्वारी केली, तेव्हा सामुरीने वाड्यास आग लावून त्यात आत्मनाश केला.

पोर्तुगीजांच्या लेखी कुंजाली हा समुद्रावरचा लुटारू होता. कान्होजींनाही इंग्रजांनी तेच नाव दिले होते. स्वतंत्र भारताच्या नौदलाने दोघांनाही एकाच शहरात मान दिला. शिवछत्रपतींच्या आरमारात दौलतखान होता, हे ज्यांनी लहानपणी ऐकले आहे, त्यांना हिंदू राजाच्या मुसलमान सेनानीचे नवल वाटू नये. कुलाब्याच्या हेलिकॉप्टर तळासही पूर्वी ‘कुंजाली दोन’ हेच नाव होते. २००९ साली ते बदलून ‘शिक्रा’ झाले. मूळचे ‘कुंजाली’ मात्र राहिले. २००० साली टपाल खात्याने त्याच्या स्मरणार्थ तिकीटही काढले.

येथून गुंडलूपेट, सुलतान बत्तेरी असे करीत वायनाडचा घाट उतरले की कोळिकोड येते. तेथून उत्तरेस वडकऱ्याच्या अलीकडे इरिंगल हे गाव आहे. मरक्कारांच्या स्मृतीचे छोटे संग्रहालय तेथे आहे. कोटाच्या तटाचे आता काही उरलेले नाही; नदी मात्र पूर्वीसारखीच समुद्राला मिळते.