सासऱ्याच्या सरकारला जाब विचारणारा खासदार

वारजे माळवाडीत रविवारची वंदना आटोपली की आम्ही चार-दोन जण टपरीवर वर्तमानपत्रे चाळत बसतो. परवा कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने आम्हाला सरळच विचारले, की वर्तमानपत्रे आणि वाहिन्या मूठभर धनदांडग्यांच्या घशात चालल्या आहेत, मग आपण निवडून दिलेल्यांपैकी एकही जण पक्षाची पर्वा न करता यावर उभा का राहत नाही?

अर्धे उत्तर सोपे आहे. मालकच सभागृहात बसले आहेत. लोकमतचे विजय दर्डा 1998 ते 2016 अशी 18 वर्षे राज्यसभेत होते. सामना तर पक्षाचेच मुखपत्र. माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घाला, राजकीय पक्षांना प्रसारणाच्या धंद्यातून दूर ठेवा, अशा शिफारशी ट्रायने ऑगस्ट 2014 मध्ये केल्या. त्यांचा कायदा झाला नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, मग कायदा करणार कोण?

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी आम्ही त्या पोराला फिरोज गांधींची गोष्ट सांगितली. इंदिराबाईंचे पती एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे उरली आहे आणि ती अपुरी आहे.

फिरोज यांचा जन्म 12 सप्टेंबर 1912 चा, मुंबईचा. पारशी कुटुंब, मूळचे भडोचचे. महात्मा गांधींशी नातेगोते काही नाही. अलाहाबादला मावशीकडे वाढले आणि 1930 च्या कायदेभंगात कॉलेज सोडून तुरुंगात गेले. 1942 मध्ये नेहरूंच्या मुलीशी लग्न झाले. पण आमच्या मते त्यांच्या आयुष्यातली महत्त्वाची गोष्ट पुढे, 1946 साली घडली. लखनौच्या नॅशनल हेरल्डचा कारभार त्यांच्याकडे आला. नंतर दिल्लीत इंडियन एक्सप्रेसचेही काम त्यांनी पाहिले. कागदाचे पैसे कुठून येतात, जाहिरात कोण देतो, मालकाचा निरोप संपादकाच्या टेबलापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांनी आतून पाहिले होते. 1952 मध्ये ते रायबरेलीकडून लोकसभेत आले आणि सुरुवातीला बराच काळ गप्प बसले. लोकांना वाटले, जावईबापू सासऱ्याच्या मागे हात वर करायला आले आहेत.

डिसेंबर 1955 मध्ये विमा कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा होती. फिरोज उभे राहिले आणि त्यांनी रामकृष्ण डालमियांच्या भारत इन्शुरन्स कंपनीची लक्तरे सभागृहात टांगली. विमेदारांचा पैसा एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत कसा फिरवला गेला याचा हिशेबच त्यांनी मांडला. हे डालमिया म्हणजे टाइम्स ऑफ इंडिया चालवणारी बेनेट कोलमन कंपनी 1946 मध्ये विकत घेणारे गृहस्थ. त्या खरेदीसाठी त्यांनी आपल्या ताब्यातील बँकेचा आणि विमा कंपनीचा पैसा वापरला, हे पुढे चौकशीत निघाले. विधवेच्या, कारकुनाच्या हप्त्यावर देशातले मोठे वर्तमानपत्र एका माणसाच्या खिशात गेले! डालमियांना दोन वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी 1956 मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि 245 विमा संस्था सरकारकडे आल्या.

एक शंका इथे येते आणि ती झाकण्यात अर्थ नाही. फिरोज स्वतः एक्सप्रेसच्या गोटातले, म्हणजे टाइम्सच्या प्रतिस्पर्ध्याचे. तेव्हा हा मालकामालकांचा झगडा होता का? थोडा असेलही. पण त्यांनी पुढे जे केले ते कोणत्याच मालकाच्या एकट्याच्या कामाचे नव्हते. संसदेत खासदार बोलला तर राज्यघटनेचे संरक्षण त्याला होते, ते छापणाऱ्या वर्तमानपत्राला नव्हते. बड्या माणसाचे नाव छापले की अब्रुनुकसानीचा दावा ठरलेला. म्हणून फिरोज यांनी सत्ताधारी बाकावर बसून खासगी विधेयक आणले आणि 1956 मध्ये त्याचा कायदा करून घेतला. संसदेतील कामकाजाचे खरे वृत्त सद्हेतूने छापणाऱ्यावर खटला चालणार नाही, असा तो कायदा. छोट्या, साधनहीन पत्रालाच त्याची गरज जास्त. मूकनायकची जाहिरात पैसे देऊनही केसरीने छापली नव्हती, हे 1920 साल आपण विसरलेलो नाही. ज्याच्याकडे छापखाना नाही त्याला निदान सभागृहातले सत्य छापण्याचा हक्क तरी हवा.

डिसेंबर 1957 मध्ये तर त्यांनी थेट आपल्याच सरकारवर घाव घातला. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम ओतली होती. ती कोणाच्या सांगण्यावरून, हे फिरोज विचारत राहिले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघडपणे चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले.

हे त्यांना जमले कसे? आम्हाला वाटते, त्यांना सासऱ्याकडून काही नको होते. पंतप्रधानांच्या बंगल्याऐवजी ते खासदाराच्या साध्या घरात राहत. मंत्रिपद मिळाले नाही. कागदपत्रे मात्र त्यांच्याकडे आपोआप चालत येत, कारण कचेरीतल्या लहान माणसांना ठाऊक होते की हा माणूस आपले नाव फोडणार नाही.

8 सप्टेंबर 1960 रोजी, अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, हृदयविकाराने ते गेले. डिसेंबर 1975 मध्ये, आणीबाणीत, त्यांचा कायदा वटहुकमाने रद्द झाला. रद्द करणारे सरकार त्यांच्या पत्नीचे होते. 1977 मध्ये जनता सरकारने तो परत आणला आणि 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्या संरक्षणाला राज्यघटनेतच जागा मिळाली. 1985 मध्ये पक्षांतरबंदी आली, ती त्यांच्या थोरल्या मुलाच्या सरकारने आणली. तेव्हापासून व्हिप मोडून मत देणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते.

म्हणूनच कुणी बोलत नाही का, असे त्या पोराने विचारले. आम्ही म्हटले, नाही. व्हिप मताला असतो. फिरोज यांची हत्यारे दोन होती, भाषण आणि खासगी विधेयक, आणि ती दोन्ही आजही खासदाराच्या हातात आहेत. नुसत्या भाषणाने खासदारकी जात नाही. पुढच्या वेळचे तिकीट मात्र जाऊ शकते, आणि खरी भीती तीच आहे.

वारजे लोकसभेला बारामतीत मोडते. पोराने तिथेच वहीचे पान फाडून आपल्या खासदारांना पत्र लिहायला घेतले. ट्रायच्या 2014 च्या शिफारशींवर खासगी विधेयक आणा, एवढीच मागणी त्यात लिही, असे आम्ही सांगितले. सह्यांसाठी तो कागद आता वस्तीत फिरतो आहे.