आकड्यांच्या कामात जपलेली कविता

कामाचा ताण वाढला की लिहिणे, गाणे, चित्र काढणे सर्वात आधी मागे पडते. निवृत्तीनंतर बघू, असे आपण ठरवतो. चिंतामणराव देशमुखांनी तशी वाट पाहिली नाही.

महाड तालुक्यातल्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१२मध्ये मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजला ते वनस्पतीशास्त्रासह विज्ञान शिकले, नंतर आयसीएसमध्ये गेले. पण संस्कृत आणि झाडे, दोन्हींची ओढ टिकली.

१९४३मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. महायुद्धाचे आणि महागाईचे ते दिवस होते. १९५०पासून ते देशाचे अर्थमंत्री होते. १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. एवढ्या व्यापाच्या आयुष्यात त्यांनी कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणले, गांधीजींची निवडक वचने संस्कृत श्लोकांत बांधली, स्वतःच्या संस्कृत कविता लिहिल्या आणि बागकामही जोपासले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

श्लोक चार चरणांचा. वृत्त जुळवताना कचेरीतल्या काळजीला मनात फारशी जागा उरत नाही, आणि अर्धा राहिलेला चरण डोक्यात घेऊन कुठेही जाता येते. रोज तासभर मिळत नसेल, तर आपणही असेच चार ओळींएवढे काम निवडावे. मात्र त्यासाठी झोप मोडू नये.