संघात हवा, नेतृत्वात नको! क्रिकेटवीर पी. बाळू

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर चेंडू टाकणाऱ्या आपल्या वस्तीतल्या पोरांना आजच्या क्रिकेटपटूंची नावे तोंडपाठ आहेत. पण या देशाचा पहिला थोर गोलंदाज आपल्याच अस्पृश्य समाजातला होता, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. त्या गोलंदाजाचे नाव पळवणकर बाळू, अर्थात पी. बाळू.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला एका चर्मकार कुटुंबात झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले पळवण. वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात पारशी क्लबचे मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे बाळूंचे पहिले काम. पगार महिना 3 रुपये. पुढे 4 रुपयांवर ते गोऱ्यांच्या क्लबात लागले. तिथे ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. फलंदाजी मात्र साहेबांची. बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही.

ही कीर्ती पुण्याच्या सवर्ण हिंदू क्रिकेटपटूंच्या कानावर गेली. गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवेत, म्हणून त्यांना संघात घेतले. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत कपबशीत चहा घेत आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्यांनी फेकलेला चेंडू विटाळत नव्हता, कप तेवढा विटाळत होता! मनुवादी व्यवस्थेचा हा न्याय नीट समजून घ्यावा.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, रेल्वेत नोकरीही मिळाली. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्यात बाळूंचे 8 बळी होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी एकट्याने शंभराहून अधिक बळी घेतले. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमरावांनाही बाळूंचा मोठा अभिमान होता.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना अधिकृतपणे कधीच मिळाले नाही. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे भाऊही उत्तम खेळाडू. 1920 साली नेतृत्वाच्या वादात शिवराम व विठ्ठल यांनी अन्यायाविरुद्ध खेळण्यास नकार दिला. त्यानंतर कुठे बाळूंना उपकर्णधार केले गेले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला. म्हणजे दार उघडले ते दयेने नव्हे, बहिष्काराच्या शस्त्राने.

पुढचा भाग आपल्याला कटू वाटेल, पण तो लपवण्याचे कारण नाही. 1932 च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी केलेली धर्मांतराची घोषणा त्यांना पटली नाही. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली. ज्या समाजाने त्यांना मैदानावर नेता मानले नाही, त्यालाच बाबासाहेबांचे नेतृत्व रोखण्यासाठी हाच मोहरा आठवला. 1955 साली मुंबईत बाळूंचे निधन झाले.

त्यांच्या राजकारणाशी आपला मतभेद राहीलच. परंतु त्यासाठी त्यांचे कर्तृत्व पुसणे म्हणजे इतिहास दडवणाऱ्यांचेच काम हलके करणे होय. बाळूंचा प्रश्न आजही जिवंत आहे. राबायला घेतात, अधिकाराच्या खुर्चीची वेळ आली की गुणवत्तेचा प्रश्न काढतात. पदोन्नतीतील आरक्षणासाठी 1995 साली 77 वी घटनादुरुस्ती करावी लागली आणि त्यानंतरही न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, त्या याच मानसिकतेमुळे. नुसता प्रवेश म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. निर्णयाच्या जागी बसणे म्हणजे प्रतिनिधित्व.

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या वसतिगृहांतील मुलांनी बाळूंचे चरित्र जरूर वाचावे. चेंडू कसा टाकावा हे तर त्यातून कळेलच. संघ निवडणारे कोण आणि आपण त्या खोलीत का नाही, हा प्रश्नही पडेल. तो प्रश्न विचारण्याचे धाडस बाबासाहेबांनी आपल्याला दिले आहे.

जय भीम!