नेहेम्या गोऱ्हे

नेहेम्या नीळकंठ गोऱ्हे (८ फेब्रुवारी १८२५ – २९ ऑक्टोबर १८९५) हे संस्कृत पंडित, ख्रिस्ती धर्मचिंतक व अँग्लिकन मंडळीचे पाद्री होते. पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे या नावानेही ते ओळखले जातात. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागील एक प्रभाव म्हणून त्यांचे नाव मराठी वाचकांना ऐकून माहीत असते. परंतु साध्या उपासनेच्या मिशनमधून निघून ते विधी व खुणांना महत्त्व देणाऱ्या पंथाकडे का वळले, हा त्यांच्या चरित्रातील अधिक विचार करण्याजोगा भाग आहे.

जन्म व शिक्षण

गोऱ्हे घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. नीळकंठशास्त्रींचा जन्म झाशीजवळील काशीपुरा येथे झाला आणि शिक्षण काशीत झाले. न्याय व व्याकरण हे त्यांचे विशेष अभ्यासाचे विषय होते. तरुणपणीच त्यांनी शिवोपासना सोडून विष्णूपासना स्वीकारली होती. पटलेली गोष्ट आचरणात आणल्याशिवाय राहायचे नाही, हा त्यांचा स्वभाव येथेच दिसतो.

धर्मांतर

मिशनऱ्यांना वादात निरुत्तर करावे या हेतूने ते काशीतील चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे जाऊ लागले. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पुढे वाद करता करता त्यांचे स्वतःचेच मत पालटले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५३ साली कन्या एलन लक्ष्मी हिच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्यांच्या पत्नीचे निधन झाले. पुढील वर्षी महाराजा दुलीपसिंग यांचे शिक्षक म्हणून ते इंग्लंडला गेले. मॅक्स म्युल्लर यांची त्यांच्याशी तेथे भेट झाली. ख्रिस्ती देश म्हणून मनात रंगवलेले इंग्लंड प्रत्यक्षात तसे न आढळल्याने ते फार खिन्न झाले होते.

१८६० साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८६२ साली निघाला.

उपासनेतील खुणांचा वाद

ज्या सोसायटीच्या प्रभावाखाली गोऱ्हे ख्रिस्ती झाले, तिचेच काम नाशिकमध्ये १८३२ पासून चालू होते. तेथील शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत तिचीच. ही सोसायटी अँग्लिकन मंडळीतील सुवार्तावादी पक्षाची होती. प्रवचन व बायबलवाचन हा त्या पक्षाच्या उपासनेचा कणा. प्रभुभोजनाच्या वेळी पाद्री मेजाच्या उत्तर बाजूस उभा राही. त्याचे हात लोकांना दिसावेत, काही गूढ क्रिया चालल्याचा भास होऊ नये, हा त्यामागील भाव.

१८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये उदयास आलेल्या चळवळीची दृष्टी वेगळी होती. तिच्यातून पुढे आलेले पाद्री लोकांप्रमाणेच पूर्वेकडे तोंड करून वेदीसमोर उभे राहत, क्रुसाची खूण करीत, वेदीपुढे गुडघा टेकत, भाकर व प्याला उंचावीत. या खुणा सर्वस्वी नव्या नव्हत्या. बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर क्रुसाची खूण करणे प्रार्थनापुस्तकात आधीपासून होतेच. येशूच्या नावाचा उच्चार होताच मान लववावी, असे १६०४ च्या नियमांतही सांगितले होते. प्रभुभोजन गुडघे टेकून घ्यावे, मात्र त्याचा अर्थ भाकरीची पूजा असा करू नये, असा खुलासा खुद्द प्रार्थनापुस्तकात आहे. एवढा खुलासा करावा लागला यावरूनच वादाची धग ध्यानात यावी. १८७४ साली या प्रथा आवरण्यासाठी ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि जानेवारी १८७७ मध्ये आर्थर टूथ या पाद्र्याला त्यापायी तुरुंगात जावे लागले.

नेमक्या याच काळात, १८७६ साली, गोऱ्हे ऑक्सफर्डजवळील काउली येथील संत योहानाच्या संघात नवशिक्या म्हणून दाखल झाले. १८६६ साली रिचर्ड मेक्स बेन्सन यांनी स्थापिलेला हा संघ त्याच चळवळीचे फळ होता. नित्य प्रभुभोजन, ठरलेल्या प्रहरांच्या प्रार्थना, मौन, उपवास व पापांगीकार हा तेथील दिनक्रम असे.

काशीतल्या शास्त्र्याला आचमन, न्यास व मुद्रा परक्या नसतात. म्हणून, सोडलेलेच त्यांनी दुसऱ्या नावाने पुन्हा धरले, असे कोणास वाटेल. तो तर्क उथळ आहे. गोऱ्ह्यांना ओढ होती ती प्रमाणाची. ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने बायबलचा अर्थ लावावा, हे या नैयायिकाला पटेनासे झाले होते. प्राचीन मंडळीची अखंड परंपरा हे त्यांना शब्दप्रमाणासारखे वाटले असावे, आणि विधी त्या परंपरेबरोबर आले. त्यातला धोका मात्र खरा होता. मूर्तिपूजा व कर्मकांड निरर्थक असे सांगून ज्यांना बोलावले, ते नवख्रिस्ती वेदीपुढे वाकू लागले तर विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळणार, ही सुवार्तावाद्यांची भीती अनाठायी म्हणता येत नाही.

पुणे व पंडिता रमाबाई

गोऱ्ह्यांना १८६८ मध्ये डीकनपदाची व १८७० मध्ये पाद्रीपदाची दीक्षा मिळाली होती. इंग्लंडहून परतल्यावर त्यांनी इंदूर, पुणे व मुंबई येथे काम केले. काउली संघ व वाँटेजच्या भगिनी यांच्या कामाचे पुण्यातील केंद्र म्हणजे पंचहौद मिशन. तेथील चर्च १८८५ चे असून ते येशूच्या पवित्र नामास, म्हणजे ज्या नावापुढे मान लववायची त्याच नावास, वाहिलेले आहे. (१८९० साली टिळक-रानड्यांचे चहापान गाजले ते याच मिशनमध्ये. एक पेला हाती धरण्यालाही त्या काळी केवढा अर्थ होता!)

ब्राह्मो समाजाचा एकेश्वरवाद हिंदू शास्त्रांतून आलेला नसून ख्रिस्ती शिकवणीच्या अप्रत्यक्ष प्रभावातून आलेला आहे, हा गोऱ्ह्यांचा मुद्दा रमाबाईंना पटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि बाह्य खुणांच्या बाबतीत त्या गोऱ्ह्यांच्या वाटेने गेल्या नाहीत. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्यापाशी आग्रह धरला. लॅटिन श्रेष्ठ का, या त्यांच्या प्रश्नाला समर्पक उत्तर तेव्हा कोणापाशी नव्हते.

अखेर

गोऱ्हे अतिशय विरक्त वृत्तीचे होते. स्वतःच्या मनातील शंकांची ते कठोर तपासणी करीत. संघाची अंतिम व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. अखेरपर्यंत ते नवशिकेच राहिले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले. काउली संघाचे सी. ई. गार्डनर यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र १९०० साली प्रसिद्ध झाले. एलन लक्ष्मी गोऱ्हे इंग्लंडमध्ये वाढल्या, इंग्रजी भक्तिगीतांच्या कवयित्री म्हणून नावारूपास आल्या आणि भारतात परतून मिशनकार्यात राहिल्या.