सर अलेक्झांडर फ्लेमिंग

मोहर्लीच्या अरण्यवाटा तुडवीत शाळेस येणाऱ्या बालवाचकांस सांगावयास आम्हांस आनंद वाटतो की, फ्लेमिंगसाहेबही लहानपणी मैलोगणती पायी शाळेस जात. त्यांचा जन्म 1881 साली स्कॉटलंडातील एका शेतकऱ्याच्या घरी झाला. सातव्या वर्षी ते पितृछत्रास मुकले. लंडनमध्ये काही वर्षे कारकुनी केल्यावर, चुलत्याचा वारसा मिळाला तेव्हा कोठे त्यांस वैद्यकाचा अभ्यास करिता आला.

1928 च्या सप्टेंबरात सुटीहून परतताच जंतूंच्या एका काचपात्रात त्यांस बुरशी दिसली. तिच्याभोवतालचे जंतू नष्ट झाले होते. दुसरा कोणी ते पात्र धुऊन टाकता! बुरशीच्या रसास त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. पुढे त्यांनी पात्रात चर पाडून त्यात तो रस भरला व चरापर्यंत निरनिराळ्या जंतूंच्या रेघा ओढल्या. जो जंतू चराजवळ वाढेना, त्यास औषध लागू. जो खुशाल वाढे, त्यास नाही.

रोग्यास कोणते औषध चालेल हे ठरविण्याची आजची नेहमीची परीक्षा याच जातीची आहे. मात्र जंतू वाढण्यास दोनतीन दिवस जातात, आणि रक्तात विष भिनलेल्या रोग्यास तेवढा अवधी कोठला? अरण्यातून शहर गाठणाऱ्यास तर तो अधिकच जड. क्षयाच्या जंतूंस आठवडे लागत. आता यंत्र थुंकीतील जंतूंचे जनुक तपासून, रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही, हे सुमारे दोन तासांत सांगते.

अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, असा इशारा साहेबांनी 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच दिला होता. 1955 साली ते निवर्तले. आदल्याच वर्षी आपल्या पिंपरीस पेनिसिलिनसाठी सरकारी कंपनी स्थापन झाली होती. पण लंडनच्या रुग्णालयांतील कित्येक जंतू तोवर त्या औषधास जुमानीनासे झाले होते.