पंडिता रमाबाई: उपकार घेऊनहि स्वतंत्र

सोलापुराहून पुण्याकडे आगगाडीनें जातांना दौंडच्या पुढें केडगांव स्टेशन लागतें. तेथील मुक्तिसदनाचें नांव आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस ठाऊक आहे. परंतु तें उभारणाऱ्या बाईंनीं परदेशची मदत घेऊनहि आपलें हिंदीपण कसें राखिलें, ही गोष्ट आम्हांमध्यें क्वचितच सांगितली जाते.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळच्या रानांत झाला. वडील अनंतशास्त्री यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, व तिनें तें मुलीस दिलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडे. पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. रानांतील पाला खाण्याची पाळी आली; १८७४ सालीं आईबाप गेले, मागोमाग थोरली बहीणहि गेली. पोटांतली ती आग रमाबाई जन्मभर विसरल्या नाहींत. भावाबरोबर पायीं हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथें त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं १८८० सालीं लग्न झालें आणि १८८२ सालीं वैधव्य आलें. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

१८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या व सप्टेंबरच्या २९ तारखेस वॉन्टेज येथें मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींनीं त्यांस आसरा दिला. पण खरा झगडा येथेंच सुरू झाला. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें असावींत, हें त्यांस पटेना. आमची संस्कृत भाषा काय कमी पवित्र आहे, असा त्यांचा सवाल होता. मांसाहार त्यांनीं केला नाहीं. पुरुष विद्यार्थ्यांस संस्कृत शिकविण्याचा बेत निघाला, तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. बाईंनीं स्पष्ट कळविलें कीं, आपल्या मनाचा निर्णय आपण दुसऱ्याच्या हातीं देणार नाहीं. वॉन्टेजच्या भगिनींचें प्रेम खोटें नव्हतें, असें आम्हांस वाटतें. पण प्रेमानें अन्न वाढणाऱ्यासहि आपण जेवणाऱ्याचे धनी आहों असें वाटूं लागतें. ज्या मंडळ्यांस परदेशच्या पैशाची संवय होती त्यांस हें निराळें सांगावयास नको.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथील स्त्रियांची उन्नति त्यांनीं वाखाणली. पण गुलामगिरींतून सुटलेल्या काळ्या लोकांचा होणारा तिरस्कार व त्या भूमीच्या मूळ रहिवाशांवरील जुलूमहि १८८९ सालच्या आपल्या मराठी पुस्तकांत नमूद केला. बोस्टनच्या मित्रांनीं दहा वर्षें खर्च चालविण्याचें पत्करलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. तें पुण्यास नेल्यावर, बाईंच्या प्रार्थनेस मुली बसतात म्हणून १८९३ सालीं गहजब झाला व पुष्कळ मुली काढून नेण्यांत आल्या. पालकांची भीति अगदींच निराधार नव्हती, हेंहि कबूल केलें पाहिजे.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां बाई स्वतः तेथें गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगचे निर्बंध असल्यामुळें त्यांस केडगांवच्या शेतावर ठेविलें. प्लेगच्या इस्पितळांत बायकांची होणारी आबाळ त्यांनीं १८९७ सालीं वर्तमानपत्रांतून उघड केली; गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारास तें रुचलें नाहीं. १९०० सालच्या गुजराथेंतील दुष्काळानंतर मुक्तिसदनांत सुमारें दोन हजार माणसें झालीं. त्यांस नुसतें खाऊं घातलें नाहीं. माग, तेलाचा घाणा, शेती, छापखाना अशीं कामें शिकविलीं. मागावर पोट भरणाऱ्या सोलापुरास त्याचें मोल कळेल.

शेवटचीं वर्षें बाईंनीं एकाच कामास वाहिलीं. अडाणी बाईसहि समजेल अशा साध्या मराठींत पवित्र शास्त्र आणण्यासाठीं त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. १९२१ सालीं मनोरमा वारली; ५ एप्रिल १९२२ रोजीं बाईहि गेल्या. पुस्तक १९२४ सालीं बाहेर पडलें. तें छापलें सदनाच्याच छापखान्यांत, तेथल्याच स्त्रियांनीं.