दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचा कैवारी : रॉजर विल्यम्स

आपल्या मताप्रमाणें ईश्वराची उपासना करण्याची मोकळीक असावी, असें कोणास वाटत नाहीं? परंतु जें मत आपणांस चुकीचें वाटतें, तें मानणाऱ्यासही तीच मोकळीक मिळावी म्हणून झटणारे लोक जगांत फार थोडे. रॉजर विल्यम्स हा त्यांपैकीं एक होता.

त्याचा जन्म सुमारें इ. स. १६०३ मध्यें लंडन शहरीं झाला. लहानपणीं तो लघुलेखन शिकला होता. त्यामुळें सर एडवर्ड कोक ह्या नामांकित न्यायाधीशाची त्याजवर मर्जी बसली व त्याच्या शिक्षणाची सोय झाली. १६२७ मध्यें केंब्रिज येथें तो पदवीधर झाला. त्या काळीं इंग्लंडांत राजमान्य पंथाप्रमाणेंच सर्वांनीं उपासना करावी असा कायदा होता. विल्यम्स पडला प्युरिटन मताचा. तेव्हां १६३० च्या डिसेंबरांत पत्नी मेरी हिच्यासह तो जहाजानें निघाला व पुढील फेब्रुवारींत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीस पोहोंचला.

ह्या वसाहतींत प्युरिटनांचेंच राज्य होतें. परंतु स्वतः छळ सोसलेल्या ह्या लोकांनीं दुसऱ्यांचा छळ करणें सोडलें नव्हतें. दहा आज्ञांपैकीं ज्या आज्ञा मनुष्य व देव ह्यांच्या संबंधाच्या आहेत, त्या मोडणाऱ्यास शिक्षा करण्याचा अधिकार सरकारास नाहीं, असें विल्यम्स सांगूं लागला. तसेंच मूळ रहिवाशांच्या जमिनी इंग्लंडच्या राजानें परस्पर देऊन टाकणें हा अन्याय होय, असेंही तो उघड बोलूं लागला. १६३५ च्या ऑक्टोबरांत वसाहतीच्या सभेनें त्यास हद्दपार केलें. आपणांस पकडून इंग्लंडास धाडणार आहेत असें कळतांच, १६३६ च्या जानेवारींत, ऐन बर्फांत, बायकोमुलांस मागें ठेवून तो रानांत निघून गेला. वसाहतवाले ज्यांस रानटी म्हणत, त्या वांपानोग लोकांनीं त्यास आसरा दिला. स्वधर्मीयांनीं दार लाविलें. परधर्मीयांनीं तें उघडलें!

त्याच वर्षीं नॅरॅगॅन्सेट लोकांच्या नायकांपासून जमीन घेऊन त्यानें प्रॉव्हिडन्स हें गांव वसविलें. गांवच्या बहुमताचा निर्णय केवळ ऐहिक बाबतींतच बंधनकारक राहील, असा तेथें ठराव झाला. १६४४ त त्यानें लंडनहून ह्या वसाहतीसाठीं सनद मिळविली. धर्मच्छळाविरुद्ध लिहिलेलें त्याचें पुस्तकही त्याच वर्षीं निघालें, तेव्हां पार्लमेंटनें तें जाळण्याचा हुकूम केला.

मग स्वातंत्र्याला मर्यादा नाहीं काय? कांहीं लोक विवेकबुद्धीचें नांव पुढें करून गांवाचे नियम झुगारूं लागले, तेव्हां १६५५ त त्यानें एका जहाजाचा दृष्टांत दिला. जहाजावर कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट, यहूदी, तुर्क असे सारे उतारू असले, तर कोणासही जहाजावरील प्रार्थनेस बळेंच बसवूं नये, व कोणास स्वतःच्या प्रार्थनेपासून अडवूंही नये. मात्र जहाज चालविणें, शांतता राखणें व दंगेखोरास शिक्षा करणें हें कप्तानाचें काम होय.

खरी कसोटी पुढेंच होती. क्वेकर पंथाची मतें विल्यम्सला मुळींच मान्य नव्हतीं. १६५९ ते १६६१ ह्या काळांत बोस्टन येथें चार क्वेकरांस फांशीं दिलें गेलें. परंतु विल्यम्सच्या र्‍होड आयलंड वसाहतींत ते निर्भयपणें राहत होते. १६७२ त, वय सत्तरीस टेकलें असतां, तो स्वतः नाव वल्हवीत न्यूपोर्ट येथें गेला व क्वेकरांशीं अनेक दिवस कडाक्यानें वाद करिता झाला. वाद केला, पण त्यांस हुसकून लावा असें म्हटलें नाहीं.

तो निर्दोष नव्हता. १६७६ च्या युद्धांत प्रॉव्हिडन्स जाळलें गेल्यावर, पकडलेल्या मूळ रहिवाशांस दास्यांत विकण्याच्या व्यवस्थेंत त्याचाही हात होता. ज्यांनीं बर्फांत आसरा दिला, त्यांच्याच भाऊबंदांविषयींचें हें वर्तन वाचून मन खिन्न होतें. १६८३ त तो निवर्तला. त्याच्यावरील हद्दपारीचा हुकूम मॅसॅच्युसेट्सनें १९३६ त रद्द केला.

१९४८ च्या १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या अठराव्या कलमानें प्रत्येकास विचाराचें, विवेकबुद्धीचें व धर्माचें स्वातंत्र्य, धर्म बदलण्याच्या मोकळीकीसह, मान्य केलें. १९६६ च्या करारानें तेंच तत्त्व राष्ट्रांवर बंधनकारक केलें. १९७९ त भारतानेंही तो करार स्वीकारिला. मनांतील श्रद्धेवर जबरदस्ती नाहीं. बाह्य आचरणास मात्र सुरक्षितता, सुव्यवस्था व इतरांचे हक्क ह्यांसाठीं कायद्याची मर्यादा असूं शकते, असें त्या करारांत म्हटलें आहे. विल्यम्सच्या जहाजावर हाच नियम होता.

विद्यार्थीमित्रहो, आपला वर्ग हेंही एक जहाजच आहे. शेजारीं बसणाऱ्याचें मत पटलें नाहीं, तर त्याच्याशीं खुशाल वाद करा. पण त्याची जागा त्याची आहे, हें विसरूं नका.